आर्जेन्टिनाच्या कॉमेडियनने गायलेलं ओकिनावाचं गाणं

जपानी पॉप म्हटलं की हल्ली सगळे सिटी पॉपवर येऊन थांबतात, ते ऐंशीच्या दशकातलं, रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवताना लावायचं गुळगुळीत म्युझिक, मलाही आवडतं, वाद नाही. पण कुणी विचारलं की जपानी गाण्याचं सगळ्यात भारी कव्हर कुठलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. 'शिमा उता', म्हणजे बेटाचं गाणं. मूळ गाणं द बूम नावाच्या बँडचं, १९९२ चं, आणि कव्हर केलंय आल्फ्रेदो कासेरो या आर्जेन्टिनाच्या कॉमेडियनने. हो, कॉमेडियनच. नव्वदीत तिकडच्या टीव्हीवर 'चा चा चा' नावाचा एक वेडपट स्केच शो होता, त्यातला हा माणूस. आणि त्याने ते गाणं स्पॅनिशमध्ये आणलं नाही, जपानीतच गायलं, स्वतःला जपानी येत नसताना, नुसते उच्चार पाठ करून.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल की गंमत म्हणून केलं असणार. तसं नाहीये, पण ते का नाही हे सांगायचं तर आधी मूळ गाण्यात काय आहे ते सांगावं लागेल, आणि तिथे मी जरा लांबण लावणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

द बूमचा गायक आणि गीतकार मियाझावा काझुफुमी. हा ओकिनावाचा, म्हणजे जपानच्या अगदी दक्षिणेकडच्या बेटांवरचा नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तो यामानाशी प्रांतातल्या कोफुचा, म्हणजे ज्या प्रांताला समुद्रकिनाराच नाही तिथला. बँड टोकियोत हाराजुकूच्या रस्त्यावर वाजवत वाजवत मोठा झालेला, १९८९ ला पहिला अल्बम, स्का वगैरे उड्या मारायचं म्युझिक. तर हा माणूस नव्वदीच्या सुरुवातीला ओकिनावाच्या संगीताच्या नादाला लागला आणि तिकडे गेला असताना हिमेयुरी म्युझियममध्ये शिरला.

हिमेयुरी म्हणजे काय तर १९४५ मध्ये ओकिनावावर लढाई आली तेव्हा जपानी सैन्याने तिथल्या मुलींच्या दोन शाळांमधल्या विद्यार्थिनींना नर्सिंगच्या कामाला जुंपलं. २२२ मुली आणि १८ शिक्षक. हॉस्पिटल कसलं, डोंगरात खोदलेले बोगदे आणि गुहा, त्यात जखमी सैनिक. जूनच्या मध्यावर, सगळं हातातून गेल्यावर, मुलींना सांगितलं की तुमचं पथक बरखास्त, आता ज्याने त्याने आपलं बघा, आणि बाहेर तर गोळीबार चालू. त्या २४० जणांपैकी १३६ गेले आणि त्यातले बहुतेक या आदेशानंतरच्या थोड्या दिवसांत. वाचलेल्या मुलींनी म्हातारपणी हे म्युझियम उभं केलं आणि स्वतः तिथे उभ्या राहून येणाऱ्यांना सांगायच्या. त्यातल्याच एका आजींचं बोलणं मियाझावाने ऐकलं. बाहेर आला तर उन्हात उसाची शेतं वाऱ्यावर हलत होती, आणि त्याच्या मनात आलं की या आजींना ऐकवता येईल असं एक गाणं करायचं. लाखो लोकांसाठी नाही, त्या एका बाईसाठी.

ऊस म्हटल्यावर मी सांगलीकडचा माणूस असल्यामुळे माझे कान टवकारतातच, पण ओकिनावाच्या उसाखाली जे आहे ते आपल्याकडे नाही. तिथली जमीन चुनखडीची, खाली गुहाच गुहा, त्यांना 'गामा' म्हणतात. वर ऊस उभा आणि खाली गावंच्या गावं लपून बसलेली. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य मुख्य बेटावर उतरलं, आणि दुसऱ्याच दिवशी योमितान गावातल्या चिबिचिरी गामामध्ये लपलेल्या साधारण १४० माणसांपैकी ८० च्या वर माणसांनी जीव दिला, आयांनी स्वतःच्या पोरांना मारलं, कारण वर्षानुवर्षं शिकवलेलं की शत्रूच्या हाती जिवंत सापडायचं नाही. जवळच शिमुकु नावाची दुसरी गुहा आहे, तिथे हजारेक लोक होते आणि ते वाचले, कारण त्यांच्यात हवाईत राहून आलेले दोघे जण होते, त्यांना इंग्लिश येत होतं, ते बाहेर जाऊन सैनिकांशी बोलले. दोन गुहा, अंतर एक किलोमीटरच्या आसपास. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पुढे काही वाचवलंच नाही.

तर गाणं. वरवर ऐकलं तर दक्षिणेकडच्या बेटावरचं विरहगीत आहे. देइगोची फुलं फुलली, वारा आला, वादळ आलं, उसाच्या रानात तू भेटलीस, उसाखाली आपण एकमेकांचा कायमचा निरोप घेतला, आणि मग कोरस, की अरे बेटाच्या गाण्या, वाऱ्यावर बस आणि पाखरांबरोबर समुद्र ओलांडून जा. जपानमध्ये बहुतेकांनी हे असंच ऐकलं. वादळ म्हणजे एप्रिलमधला तो हल्ला, उसाखाली म्हणजे गामा, आणि निरोप घेणारे कोण ते आता तुम्हाला कळलंच असेल. निरोपाच्या त्या ओळींत जपानच्या राष्ट्रगीतातले दोन शब्द अलगद आणून ठेवलेत, ऐकणाऱ्या जपानी माणसाला ते जाणवलेच पाहिजेत असे आणि तरी बहुतेकांना जाणवले नाहीत असे. मियाझावाने हे सगळं सविस्तर उलगडून सांगितलं ते युद्धाला साठ वर्षं झाली तेव्हा, २००५ मध्ये, वर्तमानपत्रात लिहून. तोवर गाण्याला तेरा वर्षं होऊन गेली होती.

पण माझ्यासाठी खरी गंमत (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही पण असो) शब्दांत नाहीये, सुरांत आहे.

ओकिनावाच्या संगीताची स्वतःची पाच सुरांची सरगम आहे. सा ग म प नी. सगळे शुद्ध, रे आणि ध गायब. घरात हार्मोनियम असेल तर पांढरी एक सा धरा, रे आणि ध सोडून बाकीच्या पांढऱ्या पट्ट्या वर-खाली वाजवा, दहा सेकंदात ओकिनावा. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय शिकलंय ते लगेच म्हणतील अरे हा तर तिलंग रागाचा आरोह, आणि बरोबर आहे, फक्त तिलंगमध्ये उतरताना कोमल निषाद येतो तो इथे नाही. कर्नाटक संगीतात गंभीरनाट म्हणून राग आहे तो तर तंतोतंत हाच. म्हणून मला वाटतं आपल्या कानाला ही गाणी परकी वाटतच नाहीत, टोकियोचं पॉप परकं वाटतं, हे नाही.

'शिमा उता' याच सुरांत सुरू होतं आणि कोरसही याच सुरांत आहे. पण मधल्या ओळी, उसाच्या रानातल्या भेटीच्या आणि उसाखालच्या निरोपाच्या, तिथे मियाझावाने मुद्दाम ती सरगम सोडलीय. तिथे चाल पाश्चात्त्य सप्तकावर जाते, म्हणजे मुख्य जपानमधलं पॉप ज्या सुरांत चालतं त्या सुरांवर. कारण त्याचं त्यानेच दिलंय: त्या गुहांमध्ये लोकांनी जीव दिला तो जपानी सैन्याने भरवलेल्या शिकवणीमुळे, मग त्यांचं ते मरण ओकिनावाच्या सुरांत गाणं त्याला जमेना. म्हणजे आरोप आहे तो, सरळ आरोप, पण शब्दांत नाही केलेला, फक्त सप्तक बदललंय. आणि हे करणारा माणूस मुख्य जपानचा, म्हणजे आरोप ज्यांच्यावर त्यांच्यातलाच. कोरसला पुन्हा ओकिनावाचे सूर येतात तेव्हा जो मोकळा श्वास घेतल्यासारखं होतं ना, ते उगाच नाही होत.

मी गाण्यातली राजकीय भूमिका वगैरेच्या भानगडीत फारसा पडत नाही, बहुतेक वेळा ती शब्दांत कोंबलेली असते आणि गाणं बिचारं मागे राहतं. इथे उलट आहे. भूमिका चालीतच आहे, चाल काढून टाकली तर भूमिकाही गेली.

हे गाणं आधी १९९२ च्या जानेवारीत अल्बममध्ये आलं, मग डिसेंबरमध्ये ओकिनावाच्या भाषेतली आवृत्ती आली, आणि मग जून १९९३ मध्ये मूळ जपानी आवृत्तीचा सिंगल, तो १५ लाखांच्या वर खपला. टीकाही झाली. काही लोकसंगीतवाले चिडले की बाहेरचा माणूस येतो, आमचं वाद्य घेतो, आमचे सूर घेतो आणि हिट मारतो. शिवाय 'शिमा उता' हे नाव खरं तर उत्तरेकडच्या आमामी बेटांवरच्या लोकगीतांचं, त्यामुळे तेही नाराज. मियाझावालाही ही भीती आधीपासून होतीच, हे गाणं आपण बाहेर काढावं का असा प्रश्न घेऊन तो किना शोकिचीकडे गेला होता, म्हणजे ओकिनावाच्या रॉकमधलं तेव्हाचं सगळ्यात मोठं नाव, आणि त्याने धीर दिल्यावर मग पुढे गेला. मला ही टीका पूर्ण चुकीची वाटत नाही. पण याच गाण्यानंतर जपानभर लोक सान्शिन शिकायला लागले, तीन तारांचं ते सापाच्या कातड्याचं वाद्य, आणि इतके शिकायला लागले की त्याच्या दांड्यासाठी लागणारं कुरुची नावाचं काळं लाकूड बेटावर मिळेनासं झालं. मग २०१२ पासून मियाझावा योमितानमध्ये लोकांना घेऊन कुरुचीची झाडं लावतोय, ती दांड्याजोगी व्हायला शंभर-शंभर वर्षं लागतात. टीकेला याहून बरं उत्तर मला तरी माहीत नाही.

आता आर्जेन्टिना.

आर्जेन्टिनात जपानी वंशाची जी वस्ती आहे तिच्यातले बहुसंख्य लोक मुळात ओकिनावाचे. ही गोष्ट माहीत नसेल तर कव्हरची कथा नुसता योगायोग वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही माणसं बोटीने तिकडे गेली, गरिबीमुळे, आणि युद्धानंतर घरदार उरलं नाही म्हणून आणखी गेली. ब्युनोस आयर्समध्ये कपडे धुण्याच्या आणि ड्रायक्लीनिंगच्या दुकानांचा धंदा कितीतरी वर्षं यांच्याच हातात, जवळच्या एस्कोबार गावाकडे फुलशेती केली ती जपानी लोकांनी. म्हणजे ज्या गाण्यात समुद्र ओलांडायची गोष्ट आहे ते गाणं ऐकणारी माणसं ब्युनोस आयर्समध्ये आधीपासूनच बसलेली होती. आणि कासेरोने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते तिथल्याच एका जपानी रेस्टॉरंटमध्ये. जेवायला गेला आणि गाणं डोक्यात घेऊन आला.

त्याने रेकॉर्ड केलं, २००१ च्या आसपास ते रेडिओवर वाजायला लागलं आणि मग सुटलंच. तो काळ बघा. २००१ च्या डिसेंबरमध्ये आर्जेन्टिनाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांनी लोकांचे स्वतःचे पैसे अडवून ठेवले, लोक पातेली-डाव घेऊन रस्त्यावर उतरले, आणि दोन आठवड्यांच्या आत देशाने पाच राष्ट्राध्यक्ष बघितले. अशा दिवसांत सगळा देश एक जपानी गाणं गातोय ज्यातला एक शब्दही कुणाला कळत नाही! पुढच्या वर्षी तिकडच्या संगीताच्या गार्देल पुरस्कारांमध्येही या गाण्याने बाजी मारली.

मी कासेरोचं व्हर्जन ऐकलं तेव्हा मला मूळ गाण्याची कथा आधीच माहीत होती, त्यामुळे चिडायच्या तयारीनेच ऐकायला बसलो होतो. आवाज मियाझावापेक्षा जाड, मोकळा, छातीतून आलेला. मियाझावा गातो ते थोडं आवरून, ओकिनावाच्या पद्धतीने आवाजाला मधेच गिरकी देत, दुःख सांगतोय पण घरातल्या कुणाला जाग येऊ नये असं. कासेरोचं तसं नाही, तो सगळं बाहेर टाकतो. काही ठिकाणी जास्तच टाकतो, शेवटाकडे जरा ऑपेरा होतो, ते मला आजही पटत नाही. पण कुठेही डोळा मारत नाही. कॉमेडियन माणूस परक्या भाषेत गातोय म्हटल्यावर विनोदाची किती सोय होती, त्याने एकदाही ती वापरली नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्याने चाल जशीच्या तशी ठेवली. उसाच्या रानातल्या ओळी आल्या की त्याच्याही गाण्यात ते सप्तक बदलतं, सा ग म प नी मधून बाहेर पडून रे आणि ध असलेल्या सुरांत जातं, आणि कोरसला परत येतं. म्हणजे तो आरोप त्याच्या गळ्यातूनही पूर्णच्या पूर्ण आला, त्याला माहीत असो नसो. समजा त्याने स्पॅनिश भाषांतर करून गायलं असतं तर काय झालं असतं, फुलं, वारा, प्रेयसी, निरोप, एक गोड बोलेरो, म्हणजे तिकडचं संथ प्रेमगीत, तयार झाला असता. शब्द कळत नव्हते म्हणून त्याने शब्दांना हात लावला नाही आणि म्हणून सगळं वाचलं. कुणी म्हणेल अर्थ न कळता गाणं म्हणजे पोपटपंची, तर माझं म्हणणं असं की २००५ पर्यंत जपानी येणाऱ्या लाखो लोकांनाही ते विरहगीतच वाटत होतं की, मग कासेरोनेच काय घोडं मारलंय.

पुढे २००२ चा फुटबॉलचा वर्ल्ड कप, जपान आणि कोरियात. आर्जेन्टिनाच्या टीमभोवतीच्या लोकांनी पाठिंब्याचं गाणं म्हणून हेच उचललं, जपानला जायचंय तर जपानी गाणं, साधा हिशोब. टीम तर कागदावर कप जिंकूनच आलेली, बातिस्तुता, वेरोन, ओर्तेगा. नायजेरियाला १-० हरवलं, मग साप्पोरोत बेकहॅमच्या पेनल्टीवर इंग्लंडकडून हरले, मग स्वीडनशी १-१, आणि पहिल्याच फेरीत घरी. गाणं मात्र टीमपेक्षा लांब गेलं. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला एनएचके या जपानी टीव्ही चॅनेलवर जो कोहाकु नावाचा गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो, अख्खा जपान घरात बसून बघतो तो, त्यात द बूमबरोबर कासेरोही होता. समुद्र ओलांडून गेलेलं गाणं परतीचं तिकीट काढून आलं म्हणायचं.

आणखी एक गोष्ट, याचा गाण्याशी थेट संबंध नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाण्यात पहिल्याच ओळीत येणारा देइगो, ओकिनावाचं राज्यफूल, लालभडक, तो म्हणजे आपला पांगारा. तोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत पानं झडलेल्या काट्याच्या झाडावर जी लाल फुलं पेटलेली दिसतात आणि मैना-बुलबुल ज्यावर कलकलाट करतात तो पांगारा. ओकिनावात जुनी समजूत आहे की देइगो ज्या वर्षी भरभरून फुलतो त्या वर्षी वादळं जास्त येतात, गाण्याची सुरुवात तिथून आलीय. आणि आर्जेन्टिनाचं राष्ट्रीय फूल सेइबो, तेही पांगाऱ्याचंच भावंड, एकाच कुळातलं नव्हे तर एकाच प्रजातीसमूहातलं, जपानी लोक त्याला 'अमेरिकन देइगो' म्हणतात. म्हणजे कासेरो ज्या फुलाचं गाणं न कळता गात होता त्याच्या चुलत बहिणीचं झाड ब्युनोस आयर्सच्या बागांमध्ये उभं होतं. हे कुणी ठरवून केलं असतं तर मी म्हटलं असतं की जरा अतीच झालं.

या गाण्याची कव्हर्स पुष्कळ आहेत, जपानमध्ये तर कोण कोण गायलंय विचारू नका, आणि त्यातली बरीच मला ऐकवत नाहीत. खासकरून ती कॅफेत लावायची, गिटारवर हळूच टिंगटिंग, मागे लाटांचा आवाज, उन्हाळी सुट्टीचा फील. शब्द सगळे बरोबर, उच्चार शुद्ध, आणि त्या मधल्या ओळी अशा काही मऊ करून टाकलेल्या की सप्तक बदललंय हे कळूच नये. गायला येतं त्यांना, भाषाही येते, तरी त्यांच्यापेक्षा तो कॉमेडियन मला प्रामाणिक वाटतो.

ऐकायचं असेल तर आधी द बूमचं ऐका, १९९३ ची जपानी आवृत्ती, ओकिनावाच्या भाषेतली नंतर. मग लगेच कासेरो. हेडफोन लावून, आणि पहिल्या कडव्यानंतर चाल कुठे वळते तिकडे लक्ष ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी तिलंग शिकलेलं असेल तर एकदा नुसत्या सरगमने कोरस म्हणून बघा आणि मला रेकॉर्डिंग पाठवा, माझ्या हार्मोनियमचा निषाद सध्या बेसूर आहे आणि या गाण्यात निषाद बेसूर असून अजिबात चालत नाही.